काकांची टाच आणि खाणीचा बांध

आमच्या शेजारचे रोलरवाले काका खाणीवर माती दाबतात. तीस वर्षं हेच केल्यामुळे घरीसुद्धा भुसभुशीत काही दिसलं की टाच आपटतात. काकूंच्या चार कुंड्या त्यांनी अशाच ठार केल्या.

गेल्या आठवड्यात खाणीच्या गाळाच्या तळ्याला नवा बांध घालत होते. त्याच्या अगदी खाली आमची घरं. वीतभर माती टाका, पाणी मारा, दाबा, मगच पुढचा थर, हा काकांचा हेका. मुकादमाला घाई. त्याने कंबरभर माती एकदम ओतवली.

"वरून एक फेरी मारा, झालं!"

"आत पोकळच राहील," काका करवादले. "उद्या बांध फुटला, तर गाळ माझ्या स्वयंपाकघरात येईल, तुमच्या नाही!"

तरी तोंड वाकडं करून त्यांनी फेरी मारली.

"बघा, दगड झालाय. उगाच डोकं खाता," म्हणत मुकादमाने जीप बांधावर घातली. चाकं अर्धी आत रुतली.

काका रोलरवरून उतरलेसुद्धा नाहीत. "ओढतो की. पण आधी सगळी माती उपसायची कबूल करा."

उपसली. आता वीतवीतभर दाबणं चाललंय, आणि आम्ही निवांत झोपतो. काकू मात्र उरलेल्या दोन कुंड्या माझ्या गॅलरीत ठेवून गेल्यात.