व्हर्लिनची दाढी

व्हर्लिन स्टॅम्प्स देखणा नव्हता, पण त्याची दाढी देखणी होती. छातीपर्यंत रुळणारी, पांढरीशुभ्र. कोरियाच्या लढाईतून परतल्यापासून तिला वस्तरा लागला नव्हता. माजी सैनिकांच्या इस्पितळावरची आमची विनोदी मालिका सुरू झाली, तेव्हा दिग्दर्शकानं दाढी बघूनच त्याला घेतलं. काम काय, तर खाटेवर पडून राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. मी रंगभूषेत होते. लॉस एंजेलिसच्या त्या स्टुडिओत लोकांना म्हातारपण, जखमा आणि दाढ्या चिकटवायची.

आमची मालिका म्हणजे एका गाजलेल्या मालिकेचं शेपूट. आईच्या नावावर उधारी मागत फिरणाऱ्या पोरासारखी तिची अवस्था. विनोद संपत आले होते आणि लेखक किप डॅन्झिगर घायकुतीला आला होता. ह्या किपनं लढाई पाहिली ती टीव्हीवर. जेवणाच्या सुट्टीत तो सँडविच घेऊन व्हर्लिनसमोर बसायचा आणि म्हणायचा, "सांग ना दोस्ता, खरं इस्पितळ कसं असतं?"

व्हर्लिन भोळा. त्यानं एमेटची गोष्ट सांगितली. एमेट त्याचा लढाईतला सोबती, पुढे इस्पितळात शेजारच्याच खाटेवर. माघारीच्या रात्री तो बर्फातून अनवाणी पळाला आणि पायाची बोटं गमावून बसला. तेव्हापासून बूट घातल्याशिवाय झोपेना. नर्स ओरडायच्या, व्हर्लिन गुपचूप नाड्या बांधून द्यायचा. मेला तोही बूट घालूनच. ऐकताना किपचे डोळे भरून आले. मी शेजारीच बसले होते, पाहिलं ना.

दोन आठवड्यांनी नवा प्रसंग हातात आला. एमेट नावाचा वेडसर म्हातारा बूट घालून झोपतो. नर्स बूट ओढते, तो पायातून निसटतो आणि ती धाडकन शौचाच्या भांड्यांवर जाऊन पडते. डॉक्टर झालेला आमचा नायक शेजारच्या रुग्णाच्या, म्हणजे व्हर्लिनच्याच, खांद्यावर हात ठेवून पोट धरून हसतो.

व्हर्लिन किपकडे गेला. "हे काढून टाक. एमेटची मुलगी नोरीन दर सोमवारी बघते. मी दिसतो म्हणून बघते, मीच सांगितलंय तिला."

"अरे, हा तर तुझ्या मित्राचा मान आहे! सगळा देश हसेल."

"तेच नकोय. निदान नाव तरी बदल."

"नावातच तर गंमत आहे. हे बघ व्हर्लिन, तुला पडून राहायचे पैसे मिळतात ना? मग पड."

एकाची जळते दाढी आणि दुसरा त्यावर पेटवतो विडी, ती जात ही. माझ्या हातात कात्री होती, आणि किपचे केस मीच कापायचे. पण व्हर्लिन म्हणाला, "डोरीन, थांब. हे माझं मी बघतो."

चित्रीकरणाचा एक नियम असतो. एका चौकटीत जे दिसलं, ते पुढच्या चौकटीत तसंच दिसलं पाहिजे. सकाळी लांबून सगळं टिपून झालं. दर वेळी नायकाचा हात व्हर्लिनच्या खांद्यावर, मध्ये ती दाढी. जवळून टिपायचं जेवणानंतर.

जेवणानंतर व्हर्लिन आला तो गुळगुळीत. बर्फानं खाल्लेली, काळपट, वेडीवाकडी हनुवटी. तीस वर्षं त्यानं ती कुणाला दिसू दिली नव्हती. मी जन्मभर खोट्या जखमा चिकटवल्या, तशी एकही मला कधी जमली नाही.

दिग्दर्शक किंचाळला, "दाढी कुठाय तुझी?"

"न्हाव्याच्या केरात. उकडत होतं."

"डोरीन! पांढरी दाढी लाव ह्याला, लवकर!"

माझ्या पेटीत पांढऱ्या दाढ्या होत्या. मी पेटीवर बसले. "संपल्या हो. काळी लावू का?"

नायकानं घड्याळ बघितलं. करारानुसार तो सहाला निघायचा, आणि रात्री सुतार तो वॉर्ड मोडायला येणार होते. सकाळचं सगळं पुन्हा करायला वेळ कुठला? प्रसंग गेला. किप पायरीवर डोकं धरून बसला. व्हर्लिन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, उघड्या हनुवटीनं.

"हस की दोस्ता. सगळा देश हसणार होता ना?"

त्याला त्याच दिवशी हाकललं. पुढे कुठल्याच स्टुडिओनं उभं केलं नाही. त्यानं मागे वळून पाहिलं नाही, आणि किपला आठवून मी आजही बोटं मोडते.

तो भाग लागला त्या सोमवारी मी व्हर्लिनच्या घरी होते. बूट नाही, एमेट नाही. शेवटची नावं सरकत असतानाच फोन वाजला. नोरीन होती. त्यानं मलाही ऐकू यावं म्हणून फोन कानापासून जरा लांब धरला.

"अंकल व्हर्लिन, आज तुम्ही दिसलाच नाहीत."

"माझं काम कापलं, बाळ. आता दिसणार नाही."

"मग काय बघायचं त्यात?" ती म्हणाली, आणि तिकडे टीव्ही खटकन बंद झालेला आम्हा दोघांनाही ऐकू आला.

सवयीनं व्हर्लिनचा हात दाढीकडे गेला आणि रिकाम्या हनुवटीवर थांबला. तो हसला. त्या मालिकेवर मनापासून हसलेला मी पाहिलेला तो एकच माणूस.