वेल्सचा फोन लागेना

१९८४च्या नोव्हेंबरात आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या कोळशाच्या गावात राहत होतो. नवरा हॉस्पिटलात रेसिडेन्सी करत होता. मला जवळचं माणूस म्हणजे शेजारची वेल्श बाई. महायुद्धानंतर एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून ती इकडे आलेली, आता विधवा. मी तिला मावशी म्हणायचे. अर्थ सांगितला तेव्हा म्हणाली होती, "मग तीच हाक मार."

मार्चपासून तिच्या माहेरी, वेल्समध्ये, खाणकामगारांचा संप चालू होता. तिचा भाचा संपात होता. त्याचे वडील, म्हणजे तिचा भाऊ, टॅक्सी चालवायचे.

त्या सकाळी तिनं माझं दार बडवलं. अंगात कोट आणि पायात घरातल्या सपाता.

"मैत्रिणीचा फोन आला होता, मध्येच तुटला," ती म्हणाली. "संप मोडून कामावर जाणाऱ्याला कुणी टॅक्सीतून नेत होतं. पुलावरून काँक्रीटचा ठोकळा टाकला. ड्रायव्हर गेला."

"कोण ड्रायव्हर?"

"तेच सांगायच्या आत तुटला."

तिच्या भावाचा नंबर मी फिरवत राहिले. लाइन मिळेना. चहा केला, तो तसाच गार झाला. तासाभरानं ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "आणि पुलावर तो असला तर?"

"कोण?"

"पोरगा. पत्रात लिहिलं होतं त्यानं, कामावर जाणाऱ्यांना सोडणार नाही म्हणून."

मुंबईत गिरणीच्या संपात आमच्या चाळीसमोर कामावर निघालेल्या एका माणसाला मारलेलं मी पाहिलं होतं. त्या घोळक्यात माझा भाऊ होता का, हे मी घरी कधीच विचारलं नव्हतं. इतका वेळ मी तिच्या भावाच्या जिवासाठी देवाला हात जोडत होते. आता काय मागावं तेच कळेना.

दुपारी फोन लागला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला आणि तिनं रिसीव्हर ओढून घेतला. आवाज भावाचाच होता.

"पोरगा कुठे आहे?"

उत्तर आलं. तिनं भिंतीला टेकून खाली बसकण मारली.

"घरी होता," ती मला म्हणाली. "झोपलेला." मग फोनमध्ये, "अरे, तसं नव्हतं मला म्हणायचं..."

भावानं फोन ठेवला होता. त्याला कळलं होतं, आपण जिवंत आहोत का हे न विचारता तिनं मुलाचं का विचारलं ते.

त्यानंतर पत्रं थांबली. पुढच्या मार्चमध्ये संप संपला, माणसं हरून खाणीत परतली. एक दिवस भाच्याची चार ओळींची चिठ्ठी आली. "आत्या, मी तिथे नव्हतो. पण तुला तसं वाटलं याचा राग नाही आला. माझीच मला भीती वाटली."

त्या उन्हाळ्यात ती वेल्सला निघाली. एअरपोर्टला मीच सोडलं. वाटेत ती पर्समधलं तिकीट पुन्हा पुन्हा काढून बघत होती.

"घाबरलात?" मी विचारलं.

"भावानं दार उघडल्यावर आधी काय बोलू, सुचत नाहीये."

महिन्यानं परतली ती बरीच सावरलेली. भाऊ तिला रोज टॅक्सीतून फिरवून आणायचा, भाचा मागे बसायचा. त्या पुलाचा रस्ता मात्र तिघांनीही टाळला, आणि का टाळला, हे कुणी कुणाला विचारलं नाही.