मलमलकाकांची नंबर प्लेट

डेपोतल्या लोकांनी त्यांचं नाव मलमल ठेवलं ते ब्रेकमुळे. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली, आणि थांबवायचे ती अशी की उभ्या उतारूच्या हातातला भरलेला पेलाही हिंदकळू नये. हे त्यांचंच सांगणं. भरलेला पेला घेऊन बसमध्ये कोण चढलं होतं, हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही, कारण माणूस भला आहे. बायको आपोआप मलमलकाकू झाली. ती बिचारी नावापुरतीच मलमल. अंगचा पोत चांगल्या जाड गोणपाटाचा, टिकाऊ, आणि उलटा हात फिरवला तर ओरखडणारा.

निवृत्तीनंतर काकांचे हात रिकामे झाले. जेवायला बसले की दोन्ही हातांनी ताट धरून उगाच डावीकडे-उजवीकडे वळवायचे. ते पाहून लेकीने आपली जुनी छोटी गाडी बापाला देऊन टाकली. गाडी झकास होती, खोड एकच. पुढची नंबर प्लेट बंपरच्याही खाली बसवलेली, रुसलेल्या पोराच्या खालच्या ओठासारखी लोंबणारी. रस्त्यात काहीही ठेंगणं आलं की आधी हिचाच मुका घ्यायचं.

गाडी लावायची जागा इमारतीच्या मागे, भिंतीशी. भिंतीच्या अलीकडे वीतभर उंचीचा सिमेंटचा कठडा. पहिल्याच आठवड्यात त्या कठड्याने प्लेट वाकवली. दुसरी नवी आणून लावली, तिला दोन महिन्यांत आडवी चीर गेली.

तुम्ही म्हणाल, एकतीस वर्षांचा ड्रायव्हर आणि गाडी लावता येत नाही? पण त्यात एक गोम होती. बसमध्ये ड्रायव्हर अगदी काचेला नाक लावून बसतो; समोर दिसतं तेवढीच बस, पुढे काही नाही. या गाडीला मात्र दोन हात लांब नाक, आणि ते आतून दिसत नाही. शिवाय डेपोत बस लावताना काका बघत नसत, ऐकत. कंडक्टर खाली उभा राहून पत्र्यावर हात मारायचा. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक थाप म्हणजे थांबा. तोच कंडक्टर, एकोणीस वर्षं. आता गाडी पुढे जाई, प्लेट कठड्याला ठक् करून लागे, आणि काकांच्या कानाला वाटे, आली एक थाप. ते समाधानाने ब्रेक दाबत आणि किल्ली काढत. चूक झाल्याचं राहिलं बाजूलाच, त्यांना उलट बरं वाटायचं, बाहेर कुणीतरी आपलं उभं असल्यासारखं.

लेक शाळेत खेळ शिकवते. गळ्यातली शिट्टी ती लग्नकार्यातही काढत नाही, असं तिच्या सासूबाई सांगतात, आणि त्या खोटं कशाला बोलतील. चीर गेलेली प्लेट पाहून तिने बापाला समोर उभं केलं.

"बाबा, दोनदा समज दिली. आज प्लेट आहे, उद्या कुणाचा पाय असेल. तिसऱ्यांदा वाकली की किल्ली माझ्याकडे. दर रविवारी येऊन बघणार."

काकांनी मान डोलावली. त्या रात्री ताट पुन्हा वळायला लागलं.

सकाळी ते कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले. हा मिस्त्री स्क्रू ओठांत धरून बोलतो, त्यामुळे त्याचं बोलणं अर्धं कळतं आणि पूर्ण पटतं. त्याने गाडीखाली घुसून बघितलं. मग लोखंडी पट्टी लावून नवी प्लेट चार बोटं वर घेतली, आकडे झाकले जाणार नाहीत अशी. तिच्यामागे जाड रबर दिलं, म्हणजे धक्का बसला तरी ती मागे दबेल, मोडणार नाही. मग बजावलं, फाटकाशी जो चढ आहे तो सरळ घ्यायचा नाही, तिरपा घ्यायचा, एकेक चाक करून. आणि जुन्या टायरचा एक तुकडा जमिनीला ठोकायचा, कठड्याच्या अडीच हात अलीकडे, चाक त्याला अडलं की थांबायचं.

"आणि काका," मिस्त्री स्क्रू तोंडातून काढून म्हणाला, म्हणजे गोष्ट महत्त्वाची होती, "ठक् झालं की तुम्हाला उशीर झालेला असतो. हे कानाला सांगा."

काकांनी कानाला सांगितलं. तीन आठवडे प्लेटवर केसाएवढा ओरखडा नाही. रोज संध्याकाळी ते दाढीच्या जुन्या पंच्याने ती पुसत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या नवऱ्याला खिडकीशी बोलावून दाखवलं, की बघा, माणूस एखाद्या वस्तूवर माया करतो म्हणजे कशी.

आणि एका गुरुवारी पुसता पुसता काकांचा हात थांबला. प्लेटचा डावा कोपरा वर वळलेला होता, विड्याच्या पानासारखा.

ते तिथेच कठड्यावर बसले. काल गाडी लावली तेव्हा ठक् झालं नव्हतं. की झालं होतं, आणि आपल्याला ऐकूच आलं नाही? दोन दिवस त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. घड्याळ कानाशी धरून टिकटिक ऐकत, लांबच्या पाट्या एक डोळा मिटून वाचत. प्लेट गेली तर नवी येते. कान गेला, डोळा गेला, तर लेकीचंच खरं.

शनिवारी ते गाडीत बसले आणि गुडघा स्टेअरिंगला आपटला. सीट वीतभर पुढे सरकलेली. आरसा खाली, जणू कुणी त्यात आपली हनुवटी बघत होतं. वीतभर आखूड पाय आणि तेवढीच आखूड मान असलेलं माणूस त्या घरात एकच होतं, आणि ते आत भांडी घासत होतं, नेहमीपेक्षा जरा जास्तच आवाज करत.

काकांच्या छातीवरचा धोंडा उतरला. कान शाबूत होते. ते वर आले, चहा प्याले, आणि एक अक्षर बोलले नाहीत. माणूस मलमल आहे तो असा.

रविवारी लेक आली. वाकून बघितलं, उभी राहिली, आणि हात पुढे केला. काकांनी खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. एकतीस वर्षांच्या हिशेबाने बघाल तर तेवढा अलगद ब्रेक त्यांनी कधीच लावला नसेल.

"ठेव ती परत खिळ्यावर," काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "तो कोपरा माझा आहे."

मग सगळं बाहेर आलं. काका सकाळी फिरायला जात तेवढ्या वेळात गाडी शिकवणाऱ्या बाई येत. शिकाऊ परवाना साखरेच्या डब्यात, कागदाखाली. गुरुवारी वळवताना पाण्याच्या टाकीचं ठेंगणं कुंपण मध्ये आलं. म्हणजे कुंपणच आलं, काकूंचं म्हणणं तसं.

"अगं, पण मला सांगायचंस. मी शिकवलं असतं."

"तुम्ही साऱ्या गावाला जागेवर पोचवलंत. मला बहिणीकडे जायचं असलं की मी बसची वाट बघायची. एकदा वाटलं, आपणच जावं, आणि तुम्हाला शेजारी बसवून न्यावं."

लेकीने सवयीने शिट्टी हातात घेतली, पण बाहेर कुणाला काढावं तेच ठरेना. किल्ली खिळ्यावर गेली.

हल्ली संध्याकाळी गाडी काकू लावतात. काका कठड्यापाशी उभे राहतात आणि बॉनेटवर हात मारतात. दोन थापा, येऊ दे. एक थाप, थांब. गाडी टायरच्या तुकड्याशी येऊन थांबते, प्लेट आणि कठडा यांच्यात हातभर अंतर, वर काकांचा चेहरा असा की एकोणीस वर्षं हेच काम करायला तरसले होते.

कोपरा ठोकून घेतलेली प्लेट अजून सरळ आहे. बॉनेटवर मात्र पंजाएवढा खळगा पडला आहे. लेकीला तो दिसलेला नाही, कारण ती येते आणि वाकून फक्त खालीच बघते. तुम्हीही सांगू नका.