गहू न चालणाऱ्या बाई

"जरा भटारखाना दाखवता का?"

कुठल्याही हॉटेलात शिरल्यावर बाईंचं पहिलं वाक्य हे. आपण खुर्ची ओढून पाण्याचा ग्लास उचलेपर्यंत त्या आत पोचलेल्या असत. मालक गल्ल्यावरून उठून मागे धावायचा. त्याला वाटायचं, नगरपालिकेतून तपासणीला कुणी आलंय.

आमच्या वसईच्या शाळेत बाई खेळाच्या शिक्षिका होत्या आणि मी मराठीचा. वसईजवळच्या होळी गावात त्यांच्या घरची केळीची वाडी होती. मुलींचा खो-खोचा संघ घेऊन आम्ही दोघं गावोगाव हिंडायचो. ही सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट.

त्याआधी काही वर्षं बाई नुसत्या वाळत चालल्या होत्या. जुलाब थांबेनात. कुणी क्षय म्हणालं, कुणी नजर. शेवटी मुंबईतल्या एका डॉक्टरांनी निदान केलं: सीलियाक. गहू पोटात गेला की आतड्यांना इजा होते, अन्न अंगी लागत नाही. औषध नाही. गव्हाचा कणसुद्धा खायचा नाही, आयुष्यभर.

घरी अडचण नव्हती. भात, मासळीचं कालवण, तांदळाची भाकरी. तेही पीठ घरच्या जात्यावरचं, कारण गिरणीत आधी कुणाचा गहू पडला असेल ते सांगता येत नाही. खरी पंचाईत प्रवासात. पोळी आणि पाव टाळला की झालं, असं मलाही वाटायचं. पण आमटी दाट व्हावी म्हणून आचारी कणीक लावतो, पुऱ्यांच्या तेलातच वडे तळतो, हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं, हे मला बाईंमुळे कळलं. तुम्ही शेजारी असतात तर तुम्हालाही वाटलं असतं, काय ही कटकट! मी एकदा बोलूनही गेलो, "बाई, आजचा दिवस चालवून घ्या."

"चालवून घेतलं ना सर, तर मग दोन दिवस मीच चालत नाही."

एसटी थांबली की आम्ही चहा घ्यायचो आणि बाई या टपरीवरून त्या टपरीवर. कढईत डोकावायच्या, विचारायच्या, परत यायच्या, पुन्हा जायच्या. हाती लागायची चार केळी, नाहीतर दोन उकडलेली अंडी. पिशवीत घरच्या भाकऱ्या आणि सुकेळी, म्हणजे वाडीतली वाळवलेली केळी, असत. तिसऱ्या दिवशी भाकरी बुरसायची. मग बाईंची नजर सैरभैर होई.

एकदा नाशिकच्या पुढे एका गावी सामने चौथ्या दिवसावर गेले. आदल्या दिवशी एका हॉटेलवाल्यानं "नुसतं बेसन आहे" म्हणून शपथेवर कढी वाढली होती. सकाळी बाई भिंतीला धरून उभ्या होत्या. शिट्टी तेवढी वाजत होती. मुली जिंकल्या. अंतिम सामना संध्याकाळी होता, आणि दुपारी स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांकडे सगळ्यांना जेवण.

ओसरीवर पानं मांडली होती. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भजी. मुली बसल्या, मी बसलो. बाई मात्र ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होत्या.

"बसा ना बाई," अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या.

"मला नको. पोट बरं नाही."

"निदान एक पोळी?"

"नको, खरंच."

त्यांचा चेहरा उतरला. नजर बाईंच्या गळ्यातल्या क्रुसाकडे गेली. "आमच्या हातचं चालत नाही का तुम्हाला?"

मुलींचे हात पानातच थांबले.

"हातचं सगळं चालतं हो," बाई म्हणाल्या. "गहू चालत नाही." आणि मग परक्या घरी, उभ्या उभ्या, त्यांनी जुलाबांपासून कालच्या कढीपर्यंत सगळं सांगून टाकलं. शेवटी सवयीनं म्हणाल्या, "जरा तुमचं स्वयंपाकघर…" घर सोवळ्याचं होतं. आम्हा सगळ्यांची पानं ओसरीवर का मांडली होती, ते त्यांनाही कळत होतं.

आतून अध्यक्षांची म्हातारी आई उंबऱ्यापर्यंत आली. "भात चालतो का गं?"

"चालतो. पण भांडं, पळी… कणकेचा हात लागलेलं नको."

म्हातारी म्हणाली, "मग आत ये. बाहेरून काय दिसणार तुला?"

"अहो, सासूबाई…" सून पुटपुटली. म्हातारीनं लक्ष दिलं नाही.

बाई पाय धुऊन आत गेल्या. दोघींनी मिळून पितळी पातेलं चिंचेनं घासलं, तांदूळ निवडले, धुतले. मला दारातून दिसत होतं. भात, दूध आणि मीठ. चुलीशेजारीच बसून बाई भराभर जेवल्या. आणि मग ऐकू आलं, "आजी, अजून आहे?" इतक्या प्रवासांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

संध्याकाळी आम्ही एका गुणानं हरलो. बाई मैदानाच्या कडेनं ओरडत धावत होत्या.

त्या जूनमध्ये बाईंनी शाळा सोडली. जव्हारकडे मुलींच्या एका वसतिगृहात त्यांनी नोकरी धरली. तिथे दोन्ही वेळ भात नाहीतर नागलीची भाकरी. "आता मला विचारत फिरवत नाही, सर," एवढंच म्हणाल्या.

थंडीत नव्या शिक्षिकेबरोबर मी संघ घेऊन त्याच गावी गेलो. पहिल्याच दिवशी म्हातारी सुनेचा हात धरून मैदानावर आली. सुनेच्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं होतं. म्हातारीनं आमच्या घोळक्यावरून दोनदा नजर फिरवली.

"ती तुमची बाई कुठाय?"

मी सांगितलं.

"तिकडे जेवते ना नीट?"

"हो, जेवतात की," मी म्हणालो.

जूनपासून बाईंचं एकही पत्र आलेलं नव्हतं.