दोरीच्या दुसऱ्या टोकाला

आधीच सांगते, आमच्या घरात लिंबू-मिरची भाजीत पडते, दारावर टांगत नाही. मी मूळची नाशिकची, इथे चेन्नईला गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर लोकांच्या मागे 'पुरावा दाखवा' म्हणून लागायचं हेच माझं काम. त्यामुळे हसायचं तर खुशाल हसा... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

मी आणि माझा नवरा निखिल, दोघांनी स्कूबाचा कोर्स केला होता. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आमचे इन्स्ट्रक्टर सेंथिल आम्हाला बोटीने एका बुडालेल्या छोट्या मालवाहू जहाजावर घेऊन गेले. आपल्या तारकर्लीसारखं नितळ पाणी इथे क्वचितच. त्या दिवशी तर नुसता गढूळ चहा! म्हणून सेंथिलनी प्रत्येक जोडीला एक छोटी दोरी दिली. एक हिसका म्हणजे 'ठीक?', उलट एक हिसका म्हणजे 'ठीक'. दोन हिसके – 'वर चला'.

"अक्का, उळ्ळे पोगादींग," त्यांनी मला दोनदा बजावलं. आत जाऊ नका.

आमची आणखी एक खूण होती, घरी सोफ्यावर बसून परकराच्या नाडीवर ठरवलेली. तीन झटपट हिसके आणि चौथा लांबलचक... म्हणजे 'नाटकं पुरे'. ही आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

तळाशी पोचलो तर टॉर्च असून स्वतःचं कोपर दिसेना. मी हिसका दिला, उत्तर आलं. पुन्हा दिला, पुन्हा आलं. म्हटलं, आहे बाबा शेजारी. जहाजाच्या कडेने हात लावत पुढे सरकले. मग लक्षात आलं, दोरी ताणली गेलीय ती एका दाराच्या आत! मी वैतागले. नको म्हटलं तिथे आधी जायचं, ही निखिलची जुनी खोड. दोन हिसके दिले. उत्तर एकच – 'ठीक'. परत दोन. परत एकच.

माझं गेज लाल पट्ट्याकडे चाललं होतं. हवा संपत होती हो! मी चिडून आमची ती खूण दिली.

तीच खूण परत आली. शेवटचा हिसका तस्साच लांब, निखिल देतो तसा.

आता तोच आहे म्हटल्यावर त्याला सोडून वर कशी जाऊ? कुठे अडकला असेल तर? मी दारातून आत शिरले. दोरी हळूहळू ओढली जात होती, मीही चालले होते. सिलिंडर वर कशालातरी घासला. भीती वाटत होती, पण त्याच्यासाठी, स्वतःसाठी नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा पाय धरला आणि खसकन बाहेर ओढलं. मास्कला मास्क भिडला. निखिल! डोळे विस्फारलेले, त्याचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर.

आणि माझ्या मुठीतल्या दोरीला एक हिसका बसला.

मी दोरी सोडली. वर कशी आले ते नीट आठवत नाही. बोटीत निखिल रडत होता. मास्कमध्ये पाणी शिरलं म्हणून तळाशी पोचतानाच त्याच्या हातून दोरी सुटली होती. तेव्हापासून तो मला चाचपडत शोधत होता, शेवटी माझ्या टॉर्चचा उजेड दिसला.

"येडे, आत कशाला गेलीस?"

"तू बोलावलंस म्हणून!"

सेंथिल म्हणाले, जुन्या जाळ्यात दोरी अडकली असेल, प्रवाहाने हिसके बसतात. असतीलही. पण प्रवाहाला आमची खूण कशी कळली, हे ना त्यांना सांगता येतं ना मला. मी पुरावा मागणारी बाई, आणि माझ्याकडेच पुरावा नाही.

निखिल म्हणतो, झालं गेलं विसर, पुन्हा जाऊ. मी नाही म्हणते, तो चिडतो. त्याला एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. तो शेवटचा हिसका बसला ना... सवयीने माझ्या हाताने उत्तर दिलं होतं.