मशीनमधली जागा

टोकावड्याच्या नाक्यावर मोबाइल दुरुस्त करणारा हा माणूस घरी जुन्या कन्सोलवर खेळतो आणि दिवसभर नव्या गेमना शिव्या घालायचा. "ऑनलाइन म्हंजे भाड्याचं घर रे. कंपनीनी सर्वर बंद केला का झालं. आन गेम केवढे! मशीनमधी एक टाकायचा तर चार पुसायला लागतात." ऐकून माझं डोकं उठायचं.

मग त्याच्यासोबत खेळणारा त्याचा धाकटा भाऊ माळशेजच्या रस्त्यावर अपघातात गेला. दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. वडिलांनी, काकांनी वचनं देऊन पाहिली. मग हा हात जोडून म्हणाला, "तुजा अर्धा राहिलेला गेम मी पुसणार नाय रे." कावळा लगेच उतरला.

परवा मी नव्या गेमचं विचारलं. "जागा नाय," एवढंच म्हणाला. शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.