पायडलचे छर्रे आणि माझी जीभ

भर पावसाळ्यात रोज संध्याकाळी मी माझी सायकल उलटी करून वाडीतल्या मोटारीच्या पाइपाने धुवायचे. घरची टाकी भरायला मोटार लागायचीच. टाकी भरली की पाइप माझ्या ताब्यात. त्याच्या तोंडावर अंगठा दाबला की चिकूच्या झाडाची साल निघावी अशी धार सुटायची, आणि ती धार मी नेमकी दोन पायडलांच्या मधोमध, जिथे चिखल सर्वांत जास्त साचतो तिथे, मनसोक्त मारायचे. धुऊन झालं की दोन पावलं मागे सरून सायकलीकडे असं बघायचे, जणू काही मीच ती जन्माला घातलीय. हा माझा मूर्खपणा. त्याच्यापायी एका माणसाच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली आणि त्याच्या नावाला ‘चोर’ हा शब्द चिकटला. तो माणूस, रमणभाई सायकलवाला, गेल्या महिन्यात उधव्याला वारला. नातीने मोबाइल माझ्या चांगल्या कानाशी धरला. पलीकडे त्याची बायको होती, जमनाबेन. “बाई, आमचा माणूस गेला,” म्हणाली. कसा, म्हणून मी विचारलं. “झोपेत. जन्मात पहिल्यांदा काही न आपटता काम केलंन.”

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. तेवढंच करायचं ठरवलं तर हा लेख इथेच संपेल, म्हणून मी जे होतं ते लिहिते. रविवारी सकाळी अख्खी आळी टीव्हीपुढे अगरबत्ती लावून बसायची, ते दिवस. मी ठाण्याची मुलगी, लग्न करून आशागडला आलेली. सासरी चिकूची वाडी, हे रेल्वेत नोकरीला, आणि मला शिक्षिकेची नेमणूक मिळालेली सात किलोमीटर आतल्या एका पाड्यावर. भातखाचरांच्या कडेने जाणारा रस्ता, मध्ये दोन ओढे. पावसाळ्यात त्याला रस्ता म्हणणं ही शुद्ध दांडगाई होती. मी मात्र कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून सायकलवरून निघायचे. शेतातल्या बायका लावणी थांबवून बघायच्या. मला वाटायचं, कौतुकाने बघतात.

नाक्यावर पत्र्याच्या शेडमध्ये रमणभाईचं दुकान. मूळचा तो उधव्याकडचा, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या गावचा, त्यामुळे खुशीत असला की मला ‘बेन’ म्हणायचा आणि चिडला की ‘बाई’. ‘बेन’ मी एकूण चार-पाचदा ऐकलं असेल. हातोडा मारायचा तर असा, की समोरच्या खिळीने त्याचा बाप मारलाय. एका ट्रकवाल्याने मागे घेताना गिऱ्हाइकाची उभी सायकल चिरडली, तर याने त्याला कॉलर धरून खाली ओढला आणि जुन्या चेनने त्याची पाठ सोलून काढली. रक्ताने भिजलेला शर्ट घेऊन तो माणूस पळाला, आणि रमणभाई खाली बसून त्याच चेनला तेल लावायला लागला. जमनाबेनच्या डोळ्याखाली अधूनमधून निळं दिसायचं. “दार लागलं का गं?” असं आम्ही बायका विचारायचो, आणि ती ‘हो’ म्हणाली की आम्हाला सुटल्यासारखं व्हायचं. मी त्यात सर्वांत पुढे. शिकलेली ना.

आता सायकलीचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून झालं. दोन पायडलांना जोडणारा जो आस असतो, तो दोन लोखंडी वाट्यांत फिरतो. प्रत्येक वाटीत ग्रीसमध्ये बसवलेले अकरा छर्रे. ग्रीस आहे तोवर छर्रे मजेत लोळतात. ग्रीस गेलं आणि चिखल शिरला की तेच एकमेकांना खातात, वाटी कुरतडतात, आणि पायडल मारताना पायाखाली कट्… कट्… असं हाड मोडल्यासारखं वाजायला लागतं. त्या पहिल्याच पावसाळ्यात माझं कट्-कट् सुरू झालं. रमणभाईने खोललं, नवे छर्रे घातले. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा नवे. पुन्हा तीन आठवडे. तिसऱ्या खेपेला त्याने तळहातावर छर्रे ओतून माझ्या नाकापुढे धरले. गंजलेले, अर्धेमुर्धे, कुत्र्याने चावून टाकल्यासारखे.

“बाई, सायकल चालवता की नांगरता?”

“मी रोज धुते,” मी ताठ मानेने म्हटलं. “तुमच्या दुकानासारखी नाही ठेवत.”

“मग धुऊ नका. चिखलाचा गारा वाळू द्या नि फडक्याने झाडा. पाणी मारू नका.”

म्हणजे बघा, त्याने मला सांगितलं होतं. सरळ, स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. पण बी.एड. झालेल्या बाईला, सायकल घाण ठेवा, असं एक सायकलवाला सांगतो, यावरून मी काय ताडावं? की हा लबाड आहे. जुने छर्रे घालतो आणि उलट मलाच शिकवतो. हा शोध लावल्याच्या आनंदात मी घरी गेले आणि त्या दिवसापासून धार दुप्पट वेळ मारायला लागले.

पुढच्याच आठवड्यात शाळेची तपासणी होती. दुसऱ्या ओढ्याच्या चढावर साहेबांची जीप मागून येताना मी दिमाखात पायडल दाबलं, आतला आस अडकला, आणि मी साडीसकट, रजिस्टरांसकट चिखलात तोंडावर पडले. जीप थांबली. साहेबांनी मला उचललं नाही, रजिस्टर तेवढं उचललं. संध्याकाळी तशीच चिखलाने माखलेली मी सायकल ढकलत नाक्यावर आले. वीसेक माणसं होती. पानाच्या टपरीवर माझे मोठे दीर उभे होते, आम्ही त्यांना भाऊजी म्हणायचो. वाडीतले दोन धिप्पाड गडी त्यांच्यासोबत. मी सायकल रमणभाईच्या अंगावर ढकलली आणि वर्गात ओरडावं तशी ओरडले, “हा जुने छर्रे घालतो. चोर आहे हा.”

झालं. भाऊजींना एवढंच पुरेसं होतं. घरच्या सुनेला फसवलं म्हणजे त्यांच्या मिशीला हात. रमणभाईही मार खाणाऱ्यातला नव्हता. पहिला गुद्दा त्यानेच मारला, भाऊजींचा दात त्यांच्याच ओठात घुसला. मग दोघा गड्यांनी त्याला मागून धरलं आणि चिखलात आडवा केला. एकजण पाठीवर बसला. भाऊजींनी त्याच्या तोंडावर गुडघा रोवला, त्याचा उजवा हात ओढून ऐरणीवर ठेवला आणि त्याचाच हातोडा उचलला. तीन घाव. पहिल्याचा आवाज लोखंडाचा आला, पुढच्या दोन्हींचा ओल्या काटकीचा. वीस माणसांपैकी एकही हललं नाही. जमनाबेन आतून पिठाच्या हातांनी धावत आली, भाऊजींच्या मनगटाला कडकडून चावली, तिलाही लाथ बसली. आणि मी? मी साडीच्या निऱ्यांवरचा चिखल बघत होते, आणि ‘बरी अद्दल घडली’ असं मनात म्हणत होते. नातवंडांना ही गोष्ट सांगताना इथे मी थांबते… ती विचारतात, मग? मग काही नाही. आठ दिवसांत तो बायकोला घेऊन उधव्याला निघून गेला. पोलिसांत कुणी गेलं नाही. भाऊजींविरुद्ध कोण जाणार?

नवे छर्रे मी चारोटीच्या नाक्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून घालून घेतले. डबी माझ्यासमोर फोडायला लावली. बरोबर तीन आठवड्यांनी… कट्. म्हाताऱ्याने आस काढला, वास घेतला, वाटीत बोट फिरवलं. “पोरी, धुतेस कशाने?” मी अंगठा कसा दाबायचा ते साग्रसंगीत करून दाखवलं. म्हातारा हसला नाही, हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “धारेने ग्रीस धुतलं जातं नि चिखल आत घुसतो. रोज घोड्याच्या डोळ्यात माती मारायची, आणि आंधळा झाला की नाल ठोकणाऱ्याला धरायचं?”

तिथून मी आशागडपर्यंत सायकल हाताने ढकलत आले. बसायची हिंमत होईना. खरं कळायला मला तीन आठवडे लागले, बोलायला मात्र सात महिने. भाऊजींचं नाव जाईल, सासूबाई काय म्हणतील, यांची पंचाईत होईल… कारणं काय, चिकूसारखी लगडलेली होती. दुकानाची शेड रिकामी. येता-जाता पोरं तिला ‘चोराचं दुकान’ म्हणायची. माझ्या वर्गातल्या एका मुलाने निबंधात लिहिलं, ‘आमच्या नाक्यावर पूर्वी एक चोर सायकली दुरुस्त करत असे.’ मी त्या निबंधावर शुद्धलेखनाच्या खुणा केल्या आणि चांगले गुण दिले.

होळीच्या सुट्टीत तलासरीला एसटीने गेले आणि तिथून जीपच्या मागच्या फळीवर लोंबकळत उधव्याला. रमणभाई डाव्या हाताने हातोडा मारत होता, दोन घाव खिळीवर आणि एक हवेत. उजव्या हाताची बोटं वाळलेल्या आल्यासारखी वाकडी. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पाइप, अंगठा, धार. तो ऐकत होता. मग हातातली लोखंडी वाटी त्याने अशी भिरकावली की माझ्या कानाजवळून जाऊन मागचा पत्रा फुटला.

“मला काय सांगता, बाई? मला तेव्हाच ठाऊक होतं.”

“मग मार खाताना बोलला का नाहीत?”

“तोंडावर तुमच्या दिराचा गुडघा होता. कुठून बोलू?” तो उठून माझ्या अगदी समोर आला. मला वाटलं, आता मारतो. मारलं असतं तर मी पडून राहिले असते. “ज्यांच्यासमोर चोर बोललात, त्यांच्यासमोर जाऊन सांगा. नायतर इथे परत पाय टाकलात तर तोडीन.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी आशागडच्या नाक्यावर सोड्याच्या खोक्यावर चढले. आवाज शाळेतला काढला. “रमणभाईने छर्रे नवेच घातले होते. सायकल मी बिघडवली. तो चोर नाही. मी मूर्ख आहे.” मागून कुणीतरी म्हणालं, “शेवटचं आम्हाला ठाऊक होतं.” लोक हसले, आणि त्या हसण्यातच भाऊजींची थप्पड माझ्या उजव्या कानावर बसली. खोकं, बाटल्या आणि मी एकदमच खाली आलो. काचा तळहातात घुसल्या. दुसरी थप्पड, मग केस धरून ओढणं. मी हाताला लागलेली छत्री त्यांच्या गुडघ्यावर हाणली, मोडली छत्रीच. कानातून रक्त गळ्यापर्यंत आलं होतं, आणि मी तरीही ओरडत होते, “तो चोर नाही,” पुन्हा पुन्हा, कारण माझा आवाज मलाच ऐकू येईना. त्या कानाने आजही येत नाही. महिन्याभरात आम्ही डहाणू रोडला दोन खोल्यांत राहायला गेलो. हे मला एवढंच म्हणाले, “सायकल अंगणात घेऊ नकोस, नळाजवळ तर नाहीच.”

त्यानंतर नव्वदचं दशक संपेपर्यंत दर मे महिन्यात मी सायकल एसटीच्या टपावर टाकून तलासरीला न्यायचे आणि तिथून जीपने उधव्याला. रमणभाई माझ्याशी बोलायचा नाही. आस काढायचा, अकरा आणि अकरा छर्रे मोजून ग्रीसमध्ये बसवायचा. शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून त्याने खालच्या बाजूने एक बारीक भोक पाडून दिलं होतं, वाट्यांच्या कडांना जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दिली होती. पहिल्या वर्षी तेवढा एकदा बोलला, “या गाऱ्यात कोरडी ठेवलीत तर दोन पावसाळे. धार मारलीत तर तीन आठवडे.” मी दोन पावसाळे कधी होऊ दिले नाहीत, दरवर्षीच जायचे. एका मे महिन्यात जमनाबेनचा हात गळ्यात बांधलेला दिसला. या वेळी मी दाराबद्दल विचारलं नाही. त्यालाच विचारलं. त्याने हातोडा उगारला. मी हलले नाही, कारण एका कानाची बाई घाबरली तरी अर्धीच घाबरते. त्याने हातोडा सायकलीच्या सीटवर आपटला, सीट फाटली, मग तीच शिवत बसला. पुढच्या वर्षी जमनाबेनने सांगितलं की दिवाळीला त्याने हात उगारला तेव्हा तिनेच हवेचा पंप त्याच्या कपाळावर घातला, चार टाके पडले. “मग थांबला?” मी विचारलं. “कमी झाला,” ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात उधव्याला जाऊन आले. बारावा होऊन गेला होता, ओटीवर अजून माणसं बसलेली. जो तो म्हणत होता, देवमाणूस होता, कुणाला दुखवलं नाही कधी. हे सर्वांत मोठ्याने म्हणणाऱ्याच्या दंडावर जुना व्रण होता, तो कुणी दिलेला हे मला माहीत आहे. मला राहवलं नाही, मी हुंदके द्यायला लागले. म्हातारपणी रडू लवकर येतं, शहाणपण मात्र उशिराने. जमनाबेनने मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं. मी म्हटलं, रमणभाईवर पेपरच्या पुरवणीत चार ओळी लिहीन म्हणते, काय लिहू? तिने पदराने तोंड पुसलं, दाराकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “बाई, माणूस चांगला नव्हता. मला मारलं, दुनियेला मारलं. ते बाहेर बसलेत ना, ते बोलतात तसलं काही लिहू नका. चोर नव्हता, एवढंच लिहा.”